टमी टकची तारीख नवरात्रावरून ठरवू नका

नमस्कार डॉक्टरताई,

मी ३९ वर्षांची आहे. माहेर-सासर दोन्ही बडोद्याचंच, सध्या कारेलीबागेत राहतो. बँकेत काउंटरवर काम करते. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझर. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन गेल्या दीड वर्षात चालून आणि खाण्यावर ताबा ठेवून बरंच उतरवलं, पण पोटाची कातडी सैल लोंबते. पावसाळ्यात त्या घडीखाली पुरळ येतं, खाजतं, वास येतो. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावते. साडीत सगळं झाकलं जातं, पण चनिया-चोळी म्हटलं की मी मागे सरते. कित्येक नवरात्रं मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळतेय.

इन्स्टाग्रामवर पाहून एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. तिथल्या काउन्सेलर म्हणाल्या, टमी टक (पोटाची सैल कातडी काढायची शस्त्रक्रिया) आणि कंबर-मांड्यांचं लायपोसक्शन (चरबी ओढून काढणं) एकाच भुलीत होईल, दुसऱ्या दिवशी सुट्टी. नारळी पौर्णिमेनंतर केलं तर नवरात्रात गरबा खेळता येईल. शस्त्रक्रिया त्यांच्या मुंबईच्या सेंटरला, तिसऱ्या दिवशी ट्रेनने परत. या महिन्यात पैसे भरले तर सूट आहे.

मिस्टर म्हणतात, तुझी इच्छा असेल तर कर. सासूबाईंना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगायचं ठरवलंय, नाहीतर घरात महाभारत होईल. यात धोका कितपत असतो? तयारी काय करू? आणि हे हवंसं वाटतं यात माझं काही चुकतंय का?

— एक वाचक, बडोदा

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. नाही, यात तुमचं काही चुकत नाही. दोन बाळंतपणांत ताणलेलं पोट आणि घडीखालची ओली, चिडलेली कातडी घेऊन रोज वावरणं काय असतं, हे ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांनी त्यावर शेरे मारू नयेत. लवचिकपणा गेलेली कातडी चालण्याने किंवा पोटाच्या व्यायामाने परत आवळत नाही. तुम्ही कुठे कमी पडलात म्हणून ती लोंबत नाहीये. शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली तर तो तुमचा हक्क आहे.

पण तुम्हाला आखून दिलेला बेत मला अजिबात मान्य नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, उमेदीची सगळी वर्षं भूल देण्यात गेली, त्या अनुभवावरून सांगते: तारीख, प्रवास, एका भुलीत दोन कामं, दुसऱ्या दिवशी घरी, या सगळ्यात क्लिनिकची सोय पाहिली आहे. तुमच्या शरीराचा विचार त्यात मला कुठे दिसला नाही.

तारखेपासून सुरुवात करू. नारळी पौर्णिमा ते घटस्थापना म्हणजे दीड महिना. शस्त्रक्रियेनंतर पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे लावायचा असतो, जड उचलायचं नाही तेही तेवढेच दिवस, म्हणून कागदावर हिशेब बरोबर दिसतो. पण सहा आठवड्यांनी हळूहळू हालचाल वाढवायची मुभा मिळते. रात्री तीन-तीन तास अनवाणी, वाकून टाळ्या देत, कमरेतून वळत गोल फिरायची नव्हे. आत पोटाचे स्नायू टाक्यांनी ओढून जवळ आणलेले असतात, त्यांना त्या वेळी पीळ बसलेला चालत नाही. बडोद्याचा गरबा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय पोटावरची सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात. दीड महिन्यानंतर चनियाच्या वर जे दिसेल ते सुजलेलं, बधिर आणि लाल व्रणाचं पोट असेल.

मधे गणपती येतात हेही कोणी धरलेलं दिसत नाही. नारळी पौर्णिमेनंतर जेमतेम तीन आठवड्यांत गणपती आणि लगेच गौरी. त्या वेळी तुम्ही नुकत्या कुठे सरळ उभ्या राहू लागलेल्या असाल. घरी गौरी बसत असतील तर मखर, पुरण, सोळा भाज्या, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका. "तू बस गं" म्हणणारं कोणी असलं तरी आपल्याकडच्या बायका बसत नाहीत, हे मी पेशंटांच्या टाक्यांवरून ओळखत आले आहे.

आता शस्त्रक्रिया काय असते ते नीट समजून घ्या. एका बाजूच्या कमरेच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत, ओटीपोटाच्या अगदी खालून छेद घेतात. तिथून कातडी आणि चरबीचा थर पोटाच्या स्नायूंवरून सुटा करत वर बरगड्यांच्या दिशेने नेतात. गरोदरपणात मधोमध फाकलेले दोन उभे स्नायू टाके घालून पुन्हा जवळ आणतात. मग सुटा केलेला थर खाली ओढून जास्तीची कातडी कापून टाकतात. बेंबी देठासकट आपल्या जागीच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवं छिद्र करावं लागतं. पूर्ण भूल, आणि किती काम आहे त्यानुसार दोन ते पाच तास. वजन उतरवण्याचा हा उपाय नाही. लायपोसक्शनने फक्त चरबी निघते, सैल कातडीला आणि फाकलेल्या स्नायूंना त्याचा काही उपयोग नाही. काहींना बेंबीच्या खालचीच कातडी सैल असते, त्यांचं काम लहान शस्त्रक्रियेत भागतं. तुमचं भागेल का, हे तपासल्यावर सर्जन सांगतील.

स्नायू किती फाकलेत याचा अंदाज घरी घेता येतो. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या जरा वर बोटं आडवी दाबा. दोन्ही बाजूंना ताणलेले स्नायू आणि मधे बोटं रुतणारी फट लागली, तर स्नायू फाकलेले आहेत. फट थोडी असेल तर चांगल्या फिजिओथेरपिस्टकडचे काही महिन्यांचे व्यायाम पाठीला आणि पोटाला बराच आधार देतात. शस्त्रक्रिया करायची ठरली तरी ते व्यायाम वाया जात नाहीत.

व्रणाबद्दल क्लिनिकमध्ये कुणी बोललं का? तुमच्या सिझरचा व्रण आडवा असेल तर बहुधा तो कापलेल्या कातडीबरोबरच निघून जाईल, पण नवा व्रण त्याच्याहून कितीतरी लांब असतो. तो फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. कान टोचलेल्या जागी किंवा लशीच्या जागी जाड गाठीसारखा व्रण उठला असेल तर सर्जनना आवर्जून दाखवा, पोटावरही तसा उठू शकतो. आणि सर्जनकडे जाताना रोजचा परकर आणि तुमची चनिया दोन्ही बरोबर न्या. शस्त्रक्रियेच्या सकाळी पेशंटला उभं करून जांभळ्या पेनने पोटावर रेघा आखतात, कारण झोपल्यावर कातडी सरकते. त्या रेघा आखताना परकराची नाडी तुम्ही नेमकी कुठे बांधता ते सर्जनना दिसलं पाहिजे. व्रण नाडीच्या खाली गेला तर ठीक. नाडीच्या रेषेवरच आला तर रोज काच बसेल, आणि आपल्या हवेत घामाने तो भाग चिडत राहील. हे छोटं वाटतं, पण साडी नेसणाऱ्या बाईला पुढची सगळी वर्षं त्या रेषेबरोबर काढायची असतात.

आता धोके. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पायाच्या शिरेत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीची. बराच वेळ भुलीखाली निश्चल पडून राहणं, नंतर दुखतं म्हणून कमी हलणं, आवळलेल्या पोटामुळे पायांकडून वर येणाऱ्या रक्ताला होणारा अडथळा, या सगळ्याने पोटरीत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. सौंदर्यासाठीच्या ज्या शस्त्रक्रियांत हा धोका सर्वांत जास्त असतो, त्यांपैकी टमी टक एक आहे. एकाच वेळी दुसरी शस्त्रक्रिया जोडली की तो आणखी वाढतो. म्हणूनच "एकाच भुलीत सगळं" ऐकून मी दचकले. कमरेच्या कडेला थोडं लायपोसक्शन अनेक सर्जन विचारपूर्वक जोडतात, पण मांड्यांचंही सोबत उरकून घेणं तुमच्या हिताचं नाही. त्यावर तिसऱ्या दिवशी मुंबईहून चारशे किलोमीटर पाय लोंबते ठेवून ट्रेनचा प्रवास. नको.

हा धोका कमी करता येतो, आणि त्यासाठी काय करणार हे तुम्ही आधीच विचारायचं आहे. थिएटरमध्ये पोटऱ्या दाबणारं यंत्र लावतात का? गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन द्यायचं की नाही, हे तुमचं वय, वजन, घरातला इतिहास पाहून कोण ठरवणार? त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी धरून उभं करून चालवतात का? आई-वडील, भावंडांपैकी कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, किंवा तुमचे वारंवार गर्भपात झाले असतील, तर ते न विचारता सांगा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा. सणासुदीला या दुसऱ्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात आणि कुणी त्यांना औषध समजत नाही. कुठली किती आठवडे आधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील, आणि तेवढ्या काळासाठी दुसरी सोय लागेल.

सर्वांत जास्त वेळा होणारा त्रास मात्र वेगळा आहे. सुट्या केलेल्या थराखाली पाणी साठतं. ते बाहेर यावं म्हणून बरेच सर्जन दोन बारीक नळ्या ठेवतात. प्रत्येक नळीच्या टोकाला मुठीएवढा मऊ प्लास्टिकचा फुगा असतो. तो दाबून हवा काढायची आणि दाबलेलाच धरून बूच लावायचं, म्हणजे तो आतलं पाणी ओढत राहतो. घरी गेल्यावर रोज ठरलेल्या वेळी बूच उघडून पाणी मोजपात्रात ओतायचं, किती मिलीलीटर ते वहीत लिहायचं, फुगा पुन्हा दाबून बंद करायचा. सुरुवातीला रक्तासारखं लाल येतं, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत साधारण तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. कुणाची चार-पाच दिवसांत निघते, कुणाची दोन आठवड्यांनी. नळी काढल्यावरही पाणी पुन्हा साठू शकतं आणि सुईने काढावं लागतं, कधी दोन-तीन वेळा. तुम्ही बडोद्यात आणि सर्जन मुंबईत असतील तर ते कोण काढणार? या एका कारणासाठीसुद्धा शस्त्रक्रिया गावातच करावी. बडोद्यात पात्र प्लास्टिक सर्जन आहेत.

तिसरा धोका कातडीचा. ताणून शिवलेल्या कातडीच्या खालच्या कडेला रक्त सगळ्यात कमी पोहोचतं. ते आणखी कमी झालं तर कड काळी पडते, टाके उसवतात, जखम भरायला महिने जातात. तंबाखू हे त्याचं मोठं कारण. बायकांना तंबाखूबद्दल विचारलं की "छे, मी नाही" म्हणतात आणि सकाळी दातांना मशेरी किंवा तपकीर लावतात. तीही तंबाखूच. तुम्ही लावत असाल असं मी धरत नाही, पण लावत असाल तर आधी किमान चार आठवडे आणि नंतर तेवढेच दिवस पूर्ण बंद. साखर जास्त असेल तरी हाच त्रास होतो. वर उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा व्रण असेल तर तिथून येणारा रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो, तेव्हा सर्जन वेगळा विचार करतात. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, दोन बाजू थोड्या वेगळ्या दिसणं, व्रणाच्या टोकाशी कातडीचा फुगवटा राहणं, हेही होतं. बेंबीखालचा भाग बहुतेकींना काही महिने बधिर राहतो, काहींना थोडा कायमचा. त्या बधिर पोटावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. चटका बसला तरी कळत नाही.

आता तयारी. वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर हवं, कारण शस्त्रक्रियेनंतर ते बरंच वर-खाली झालं तर केलेलं काम बिघडतं. पुन्हा बाळाचा विचार जरासुद्धा असेल तर आधी तो पुरा करा. टमी टकनंतर गरोदर राहता येतं, पण पोट पुन्हा ताणलं जातं.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन पहिलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या आपल्या देशातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. डाएट करून वजन उतरवलेल्या बाईला तर मी न तपासता धडधाकट मानणार नाही. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्यांनी भरून यायला दोन-तीन महिने लागतात, आणि हे थांबण्यासारखं आहे, कारण ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), थायरॉइड, रक्तदाब, ईसीजी, आणि बेंबीपाशी फुगवटा वाटत असेल तर सोनोग्राफी. बेंबीचा हर्निया असेल तर बेंबीच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न येतो, म्हणून तो थिएटरमध्ये गेल्यावर कळून उपयोग नाही. जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर त्याचा इलाज आधी करा. ताज्या टाक्यांवर खोकल्याची प्रत्येक उबळ आणि शौचाला दिलेला प्रत्येक जोर बसतो. रोज चालणं चालू ठेवा आणि दीर्घ श्वासाचा सराव करा. पोट आवळल्यावर श्वास उथळ होतो आणि फुप्फुसाचा तळ नीट उघडत नाही.

माझ्या बिरादरीची एक विनंती. भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेच्या आधीच भेटा, थिएटरच्या दारात नव्हे, आणि भेटीत काही लपवू नका. वजन उतरवायला दर आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं घेतली असतील तर ते सांगा. त्या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती असते. अ‍ॅस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, वैद्याची चूर्णं, वजनाचे हर्बल चहा, सगळं एका पिशवीत घालून घेऊन या. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्या प्रश्नाला सगळे "नाही" म्हणतात. भूलतज्ज्ञ पोलिसात जात नाही. त्याला औषधाचा हिशेब नीट करायचा असतो, एवढंच. आणि उपाशी राहण्याच्या सूचना अक्षरशः पाळा. जड, तळलेलं खाणं आठ तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास, साधं पाणी दोन तास. एकादशीचा उपास आहे म्हणून पहाटे साबुदाण्याची खिचडी आणि दुधाचा चहा घेऊन थिएटरला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची शस्त्रक्रिया त्या दिवशी आम्ही केली नाही.

सर्जन निवडताना दवाखान्याच्या पाटीवर "कॉस्मेटिक" लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी हवी, आणि नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोंदवहीत नाव ऑनलाइन शोधता येतं. अशा शस्त्रक्रिया ते नेहमी करतात का, पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ थिएटरमध्ये असतो का, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, रात्री दोन वाजता काही झालं तर कोण येणार, हे तोंडावर विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. संमतीपत्र आदल्या दिवशी, मराठीत किंवा गुजरातीत मागून घरी वाचा. त्यात तुमचे आधीचे-नंतरचे फोटो जाहिरातीत वापरायची परवानगी मिसळलेली असेल तर ती ओळ खोडून घ्या. आणि ज्या ठिकाणी तुमच्या पोटाला हात लावून तपासण्याआधी काउन्सेलर सूट आणि तारीख सांगते, तिथे मी तरी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

पैशांचं थोडक्यात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाहीत. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं, पट्टा, जीएसटी असा सगळा अंदाज लेखी घ्या, आणि पुन्हा पाणी काढावं लागलं किंवा टाके उसवले तर तो खर्च कोणाचा हेही लिहून घ्या. त्याच्या वर थोडी रक्कम हाताशी ठेवा. कोणी सुचवलं तरी कागदावर हर्निया लिहून क्लेम करू नका. ती फसवणूक आहे.

यावरून सासूबाईंचा विषय आलाच. त्यांना सगळं तपशीलवार सांगितलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण हर्नियाची गोष्ट चालणार नाही. तुम्ही एका घरात राहता. तुमच्या गाऊनखालून दोन नळ्या लोंबत असतील, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत टाके असतील, आठवडाभर कंबरेत वाकून चालाल. हर्नियात असं होत नाही हे त्यांना कळेलच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मिस्टर ऑफिसात असताना दुपारी तुम्हाला एकदम धाप लागली तर शेजारी त्याच असतील. १०८ वर फोन केल्यावर त्या काय सांगणार, हर्निया? त्या क्षणी खरं माहीत असलेलं माणूस घरात हवं. सुरुवात पुरळापासून करा. "दरवर्षी घडीखाली फोड येतात, ती कातडी काढून टाकायची आहे." हे खरंच आहे. त्यांचीही बाळंतपणं झालीत, त्याही या पोटाबरोबर जगल्यात. महाभारत होईल असं वाटतं तिथे कधी कधी त्या स्वतःचंच काही सांगायला लागतात. नाहीच पटलं तर रागावतील. रागावलेल्या पण सगळं ठाऊक असलेल्या सासूबाई तरीही जवळ हव्यात.

मिस्टर "इच्छा असेल तर कर" म्हणाले, ते चांगलंच. पण त्यांच्याकडून त्याहून जास्त हवं आहे. पहिले निदान आठ-दहा दिवस त्यांनी रजा घ्यायची. नळीचा फुगा रिकामा करायला शिकायचं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, शंभराच्या वर ताप, पोट एका बाजूला झपाट्याने फुगणं, जखमेच्या कडेचा रंग काळपट होणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांना पाठ हवं. घरात कमोड हवा, उकिडवं बसता येणार नाही. झोपताना पाठीखाली आणि गुडघ्याखाली उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. खोकला आला की पोटाशी उशी धरायची. बँकेत दोन-तीन आठवड्यांनी जाता येईल. धाकटं उचलून घेण्याइतकं लहान असेल तर सहा आठवडे त्याला उचलायचं नाही, ते तुमच्या मांडीवर येऊन बसेल अशी सवय आतापासून लावा. भरलेला कुकर, पाण्याची बादली, ओल्या कपड्यांचं टोपलं, हे तुमचं काम त्या काळात नाही.

करायचंच ठरलं तर दिवाळीनंतर करा. हवा गार झालेली असते, सहा आठवडे पट्टा घालून राहणं बडोद्याच्या घामात जितकं जिवावर येतं तितकं तेव्हा येत नाही. हिमोग्लोबिन भरायला वेळ मिळतो, आणि पुढच्या नवरात्रापर्यंत सूज उतरून व्रण फिकट व्हायला लागलेला असतो. या नवरात्रात उंच कमरेची चनिया आणि लांब चोळी शिवून घ्या, रावपुऱ्यात किंवा मांडवीत कुठलाही चांगला शिंपी शिवून देईल, आणि खेळा. पर्सा दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

या आठवड्यात मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाची ट्यूब बरोबर न्या. आपल्याकडे हातोहात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने चार दिवस बरं वाटतं आणि नायटा आणखी पसरतो, कातडी पातळ होते. घडीत संसर्ग असताना कोणताही शहाणा सर्जन तिथे छेद घेणार नाही. तोवर आंघोळीनंतर घडी पूर्ण कोरडी करा, सुती मऊ कापडाची पट्टी आत ठेवा, ओली झाली की बदला. रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात उरकून टाका आणि हिमोग्लोबिन व एचबीएवनसीचे आकडे मला कळवा. प्लास्टिक सर्जनना भेटायला जाल तेव्हा मिस्टरांना बरोबर न्या, दोन वेगवेगळ्या सर्जनची मतं घ्या, आणि पहिल्या भेटीत एक रुपयाही भरू नका.